उषस्तीने नाकारलेलं पाणी

अतिदक्षता विभागात रक्तातल्या साखरेला कोणी साखर म्हणत नाही, शुगर म्हणतात, आणि ती तपासण्याला एचजीटी. हे नाव एका जुन्या पट्टीवरून पडलं. मी १९९४ साली नोकरीला लागले तेव्हा त्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि उमटलेला रंग डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून बघायचा. रंग दोन चौकोनांच्या मधला निघाला की दोन सिस्टर दोन आकडे सांगायच्या. पुढे यंत्रं आली, काही सेकंदांत आकडा दिसू लागला. पट्टी गेली, नाव तेवढं राहिलं. अठ्ठावीस वर्षं मी ही बोटं टोचली, निम्मी रात्रपाळीत. त्यातून माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. वरकरणी तो वैद्यकाचा दिसतो, पण मला तो धर्माचा वाटत आला आहे. धडधाकट माणसाला जे योग्य, तेच संकटात सापडलेल्यालाही योग्य असतं का?

माझे वडील वाईला शाळामास्तर होते. चातुर्मासात संध्याकाळी कृष्णेच्या घाटावरच्या एका देवळात ते उपनिषदांतल्या गोष्टी सांगत. ऐकायला दहा-पंधरा बायका, दोन-चार म्हातारे आणि खांबाला टेकून मी. छांदोग्यातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट त्यांच्या फार आवडीची. कुरुदेशातली पिकं बुडाली आहेत. उषस्ती मोठा जाणता माणूस, पण बायकोसह परगावी अन्नान्न दशेत दिवस काढतोय. भुकेने जीव जायची पाळी आली तेव्हा त्याला एक हत्तीवाला घुगऱ्या खाताना दिसतो. उषस्ती मागतो. हत्तीवाला म्हणतो, माझ्या ताटात आहेत तेवढ्याच आहेत. उषस्ती म्हणतो, त्यातल्याच दे. घुगऱ्या देऊन झाल्यावर हत्तीवाला पाणी पुढे करतो, तर उषस्ती ते घेत नाही. म्हणतो, उष्टं होईल. आणि घुगऱ्या काय उष्ट्या नव्हत्या? उषस्तीचं उत्तर असं, की त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो. पाणी मला कुठेही मिळेल.

बाबा इथे थांबत आणि विचारत, "आता सांगा, हा बाटला की नाही?" बायका एकमेकींकडे बघत. मग ते म्हणत, "नियम मोडला तो घुगऱ्यांपुरता. पाण्यापाशी परत लागू झाला. किती मोडायचा हे ज्याला कळलं, त्याला धर्म कळला."

उष्ट्याचा विटाळ आणि कोणाच्या ताटातलं चालतं, कोणाच्या नाही, हा त्या काळचा हिशोब मला मान्य नाही. बाबांनाही नव्हता. आमच्याकडे रक्ताची पिशवी लावताना गट बघतात, देणाऱ्याची जात बघत नाहीत. पण उषस्तीने धरलेलं माप माझ्या कामाच्या मध्यभागी येऊन बसेल, असं त्या खांबाला टेकलेल्या मुलीला वाटलं नव्हतं.

ज्याला जन्मात कधी डायबेटिस नव्हता असा माणूस मोठ्या अपघातात सापडतो, किंवा त्याच्या रक्तात जंतू पसरतात, आणि त्याची शुगर दोनशेवर जाते. नातेवाईक घाबरून विचारतात, "सिस्टर, यांना शुगर कधी झाली?" झालेली नसते. शरीराला संकटाची वर्दी मिळालेली असते. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, यकृत आपलं कोठार उघडतं आणि नवी साखर तयारही करू लागतं, स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. दाराशी शत्रू आल्यावर गावाने पेव उघडावं तसं. मेंदूला आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींना इंधन मिळावं, ही त्यामागची सोय. भरपूर रक्तस्राव झाल्यावर साखर वाढते हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. पण पेव उघडंच राहिलं तर तेही बाधतं. जखमा चिघळतात, जंतूंना फावतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे वाढलेली शुगर ही शरीराने केलेली तजवीजही असते आणि त्याचं नुकसानही. पलंगाशी उभं राहिल्यावर या क्षणी ती दोघांपैकी काय आहे, हे आकडा सांगत नाही.

२००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या विद्यापीठ रुग्णालयातून ग्रेट फान देन बेर्घे या डॉक्टरबाईंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेले १५४८ रुग्ण. अर्ध्यांची शुगर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये, म्हणजे निरोगी माणसाइतकी ठेवली. उरलेल्यांना जुन्या पद्धतीने २१५ च्या वर गेल्यावरच इन्सुलिन दिलं. विभागातले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभरच्या विभागांनी हे उचललं, आमच्याही. भिंतीवर नवा तक्ता लागला. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट प्लेन इन्सुलिन, सिरिंज पंप, तासातासाला एचजीटी. मी तेव्हा तरुण होते आणि त्या तक्त्यावर माझा मनापासून विश्वास होता. चार्टवर ९४, १०२, ८८, ९७ असे आकडे ओळीने उतरले की रांगोळी जमल्यासारखं वाटायचं. सकाळच्या हँडओव्हरला "सगळे टार्गेटमध्ये" म्हणताना मान ताठ असायची.

२००६ च्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. चोपन्न वर्षांचा शेतकरी, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाखाली. डायबेटिस नाही. दोनची शुगर ९६. दोनला त्याला सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं म्हणून नाकातल्या नळीतून चालू असलेलं फीड बंद केलं. पंप बॅटरीवर चालतो, तो पेशंटबरोबर खाली गेला आणि चालूच राहिला. तिथे आधीचा एक पेशंट होता, मग लिफ्ट अडली. तीनची शुगर राहून गेली. चार वाजून दहा मिनिटांनी त्याला पलंगावर घेतलं. मावशी चादर नीट करता करता म्हणाली, "सिस्टर, ह्यो भिजलाय बघा." मला आधी वाटलं, लघवीची नळी सुटली. मग मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. घाम. गार, चिकट, भुवयांत साचलेला. कानामागून ओघळ उशीत गेलेला. एसीत, एका पातळ चादरीखाली.

शुगर ३१.

जागा माणूस अशा वेळी थरथरतो, काहीतरी खायला द्या म्हणतो, बडबडतो, भांडतोसुद्धा. हा झोपवलेला होता. त्याची जी काही हाक होती ती त्या घामातून आलेली, आणि ती एका मावशीने ऐकली. मी पंप थांबवला, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची बाटली चढवली, डॉक्टरांना उठवलं, झालेलं सगळं वेळेसकट चार्टवर लिहिलं. पंधरा मिनिटांनी ११८. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शक्तीतला पाचवा हिस्सा एकटा खातो आणि स्वतःची साठवण जवळजवळ काहीच बाळगत नाही. त्या दोन तासांत त्या मेंदूने काय सोसलं ते कोणत्याही चार्टवर आलं नाही. तो माणूस वाचला. बाराव्या दिवशी चालत घरी गेला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला मधल्या काळात सगळं सांगितलं होतं. तरी जाताना तिने पेढ्यांचा पुडा आणला आणि पहिला पेढा मावशीच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. मी तो तिच्यासमोर खाल्ला. अजूनही पेढा हातात आला की तो कपाळावरचा घाम बोटांना जाणवतो.

तेव्हा वाटलं, चूक माझी. फीड थांबवलं तर पंप थांबवायला हवा होता. ती चूक होतीच, आणि पुढे फीड बंद झालं की इन्सुलिन बंद हे मी प्रत्येक नव्या मुलीकडून पाठ करून घेतलं. पण चूक तेवढीच नव्हती. शुगर १५० वर राखली असती, तर राहून गेलेला तो एक तास आम्हाला माफ झाला असता. ९६ वरून खाली पडायला अंतरच उरलेलं नव्हतं.

२००९ च्या मार्चमध्ये नाइस-शुगर या अभ्यासाचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतली ४२ रुग्णालयं, ६१०४ रुग्ण. ज्यांची शुगर ८१ ते १०८ मध्ये आणायचा प्रयत्न केला त्यांच्यातले २७.५ टक्के नव्वद दिवसांत गेले. ज्यांची फक्त १८० च्या आत राखली, त्यांच्यातले २४.९ टक्के. चाळीस किंवा त्याखाली घसरलेले पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात ०.५. आमच्या सरांनी दुपारी सगळ्यांना नर्सिंग स्टेशनपाशी उभं केलं, आकडे वाचले आणि भिंतीवरचा तक्ता स्वतः काढला. कोणी काही बोललं नाही. मी मनात हिशोब करत होते. शंभरात अडीच. आमच्या विभागात वर्षाला इतके पेशंट, आठ वर्षं. तो गुणाकार मी पुरा केला नाही.

त्या दिवसापासून मला पडलेला प्रश्न असा. निष्काळजीपणाने माणूस दगावला तर दोष कुठे ठेवायचा हे कळतं. इथे आम्ही जितके जास्त दक्ष, तितका धोका जास्त. ज्या विभागात तक्ता कोणी मनावर घेतला नव्हता तिथले पेशंट कदाचित अधिक सुरक्षित होते. हेतू शुद्ध, त्या घडीचं उत्तम ज्ञान हाताशी, मेहनत पुरेपूर, आणि फळ उलटं. गीता वाचणाऱ्यांपैकी काहींनी मला समजावलं, की फळावर आपला अधिकार नाही, आपण कर्म केलं. मला हे उत्तर इथे पुरत नाही. ज्याच्या अंगावर ते फळ पडलं तो पलंगावर निजलेला होता, मी नव्हे. आपल्या कर्माचं फळ दुसऱ्याने भोगायचं असेल, तर त्या फळाकडे बघत राहणं हाच कर्माचा भाग होतो. फान देन बेर्घे बाईंबद्दल मला म्हणूनच आदर आहे. त्यांच्या चमूने २००६ साली वेगळ्या रुग्णांवर तोच प्रयोग पुन्हा केला, निकाल पहिल्याइतका चांगला आला नाही, आणि तो त्यांनी छापला. पहिल्या अभ्यासात रुग्णांना सुरुवातीपासून शिरेतून भरपूर ग्लुकोज दिलं जात होतं. तसं न देता २०२३ साली बेल्जियममध्येच ९२३० रुग्णांवर, संगणकाने डोस ठरवून, पुन्हा पाहिलं. घसरण फार झाली नाही, पण फायदाही दिसला नाही.

मग आमचं चुकलं कुठे? आम्ही निरोगी माणसाचा आकडा आजाऱ्याचं ध्येय म्हणून धरला. आमच्याकडे एकदा तत्त्वज्ञानाच्या एक निवृत्त प्राध्यापिका दाखल होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी मला जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच विचारवंताचं पुस्तक इंग्रजी भाषांतरात दिलं, शब्दकोश घेऊन वाचा म्हणाल्या. हा माणूस तत्त्वज्ञ आणि डॉक्टर दोन्ही. ऐन महायुद्धात, १९४३ साली, त्याने वैद्यकाचा प्रबंध लिहिला आणि त्यात त्याच क्लोद बर्नारला धरलं. बर्नारचं म्हणणं, आजार म्हणजे निरोगी अवस्थेतलीच एखादी गोष्ट कमी किंवा जास्त होणं, आणि त्याचं आवडतं उदाहरण साखरेचंच. कांगिलेम म्हणतो, तसं नव्हे. आजारी देह हा वाढलेल्या आकड्याचा निरोगी देह नसतो. तो वेगळ्या रीतीने जगू लागलेला असतो, त्याची स्वतःची एक रीत असते, अरुंद, पण त्या घडीला त्याला पेलणारी. मी ते पान तीनदा वाचलं. मला त्यात आपला जुना शब्द दिसला. आपद्धर्म.

महाभारतात शांतिपर्वात या विषयावर एक स्वतंत्र उपपर्वच आहे. तिथे बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरून कुत्र्याची तंगडी उचलतो आणि दोघांत मोठा वाद होतो. मला तो वाद वाचताना नेहमी चांडाळाचा पक्ष जास्त सरळ वाटतो, पण तो वेगळा लेख होईल. आपद्धर्माची भीती तिथेच दिसते. संकट आहे म्हणून काहीही चालतं असं म्हणायला माणूस किती लवकर तयार होतो!

ते मी २०२१ मध्ये पाहिलं. दुसऱ्या लाटेत डेक्सामेथासोनने कित्येकांचे प्राण वाचले. त्या औषधाने शुगर चढते, ती सांभाळणं उपचाराचाच भाग. पण पलंगांना पलंग लागलेले, हाताखाली माणूस नाही, पीपीई घालून तासाला एक फेरी जमायची नाही. काही जण तर घरीच, कोणाच्या तरी चिठ्ठीवर, नको तितके दिवस स्टिरॉइड घेऊन आलेले. साडेचारशे, पाचशे. लोक म्हणायचे, "शुगरचं काय घेऊन बसलात, ऑक्सिजन बघा." मग मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे पेशंट येऊ लागले. नाकात काळी खपली, गाल सुजलेला, एक डोळा मिटेना. जीव वाचावा म्हणून डोळा काढलेल्या एका बाईंचं ड्रेसिंग मी नऊ दिवस केलं. त्या रोज विचारायच्या, "करोना गेला ना आता? मग हे काय?" २००६ साली आम्ही आपद्धर्म नाकारला होता. २०२१ मध्ये त्याला कुंपणच राहिलं नाही.

आज बहुतेक ठिकाणी पाळतात ती रीत अशी. १८० च्या वर गेली, तीही एकदाच नव्हे, पुन्हा तपासून, तर इन्सुलिन सुरू. मग १४० ते १८० च्या आसपास राखायची. घरी बसलेल्या माणसासाठी हे आकडे कोणी आदर्श म्हणणार नाही. हा घुगऱ्यांइतका मोडलेला नियम आहे. पेशंट बरा होऊन बसता झाला, जेवू लागला, की पाण्यापाशी पुन्हा नेहमीचे नियम. ज्याला मुळातच डायबेटिस निघाला त्याला घरी जाताना पथ्य, औषध, तपासणी, सगळं. डिस्चार्जच्या दिवशी मी नातेवाइकांना हे जरा कडकपणेच सांगायचे.

आणि मोजणाऱ्यानेही स्वतःला तपासायचं. एका संध्याकाळी एका आजींची शुगर ४१२ आली. तासाभरापूर्वी १४४ होती. मुलगी नवीन, तिने पंपाचा वेग वाढवायला हात पुढे केला. मी आजींचं बोट हातात घेतलं तर ते चिकट लागलं. मुलगा भेटीच्या वेळेत पंचामृत घेऊन आला होता, तोंडात घालू देणार नाही हे माहीत असल्याने त्याने आईची बोटं त्यात बुडवून तिच्या कपाळाला लावली होती. मध आणि साखर बोटावरच होती. साबणपाण्याने बोट धुवून पुन्हा टोचलं, १३८. इन्सुलिन वाढवलं असतं तर त्या भक्तीवर आम्ही दुसरा एक घाम उठवला असता. मी त्या मुलाला रागावले नाही. उद्या आणाल तेव्हा मला सांगा, मी तळपायाला लावते म्हणाले. त्याने आणलं, आणि मी लावलं.

सुजलेल्या, गार पडलेल्या बोटाचा आकडाही असाच फसवतो. तिथे धमनीतलं रक्त घेऊन एबीजीच्या यंत्रावर बघावं लागतं. नव्या मुलींना मी सांगायचे, आकडा वाचण्याआधी हात हातात घ्या.

२०१४ मध्ये बाबा आमच्याच विभागात आले. वय ८१. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर न्यूमोनिया, चार दिवस व्हेंटिलेटर. घरच्या माणसाच्या पलंगावर ड्यूटी लावत नाहीत, मी नातेवाईक म्हणून स्टुलावर बसून असायची. दुसऱ्या रात्री चार्टवर १७६ दिसलं. मला सगळं ठाऊक होतं. तक्ता मीच शिकवलेला, पलंगाशी उभी असलेली सिस्टर मीच घडवलेली. तरी घशाशी आलं, की दोन युनिट चालू कर ना, नव्वदवर आण, सगळं नीट आण. बाबांच्या डोळ्यांवर ओला गॉज होता, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. मी हात मांडीखाली घेऊन बसले. तासाने १७१. त्या मुलीने आकडा लिहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

नळी पाचव्या दिवशी निघाली. गिळण्याची चाचणी व्हायची होती, म्हणून पाणी नाही. ओठांवर भिजवलेला गॉज फिरवायचा एवढंच. तो त्यांनी लहान मुलासारखा चोखला. मग आवाज नसलेल्या आवाजात विचारलं, "किती?"

मी घरी आल्यावर हे ते नेहमी विचारत. आज तुझ्याकडे किती माणसं होती, हा त्यांचा प्रश्न. माझ्या तोंडावर १५८ आलं होतं.

"नऊ," मी म्हणाले. "तुम्ही धरून."